हर-टूचं इंजेक्शन सहा महिन्यांवर थांबवलं तर चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ५८ वर्षांच्या, राहायला मिरजेजवळ. उजव्या स्तनात १.८ सेंमीची गाठ होती, ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी निगेटिव्ह आल्या, हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी) आणि हर-टू ३ प्लस (गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन खूप जास्त). मग १२ आठवडे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल ही केमो, तिच्याबरोबर दर २१ दिवसांनी ट्रॅस्टुझुमॅब, म्हणजेच हर-टूचं इंजेक्शन. आता ट्रॅस्टुझुमॅबचे ८ डोस झालेत, डॉक्टर म्हणतात एकूण १८ घ्यायचेत. ईकोमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय एका ठोक्यात किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ६४ वरून ५५ वर आलंय म्हणून घरचे घाबरलेत, पैशाची ओढाताण आहेच, आणि कुठेतरी वाचलं की इंग्लंडमध्ये सहा महिन्यांचा कोर्स वर्षाएवढाच चांगला ठरला. तर ९ व्या डोसनंतर थांबावं का?

मी वीसेक वर्षं मेडिकल ऑन्कॉलॉजीत आहे आणि हा प्रश्न मला ओपीडीत महिन्यातून दोनतीनदा तरी येतो, फक्त बहुतेक वेळा तो पेशंट विचारत नाही, जाताना दाराशी थांबून मुलगा नाहीतर जावई हळूच विचारतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट कळली की बाकीचं सोपं जातं. हे वर्षभराचं गणित आलं कुठून? लोकांना वाटतं कुणीतरी मोजून बघितलं असेल की पेशी मरायला बरोबर बारा महिने लागतात. तसं काहीही नाही. ट्रॅस्टुझुमॅब, म्हणजे मूळ ब्रँड हर्सेप्टिन, १९९८ ला अमेरिकेत मान्य झालं ते पसरलेल्या कॅन्सरसाठी, तिथे आजार आटोक्यात आहे तोवर देत राहायचं. मग ऑपरेशन झालेल्या बायकांना द्यायचं ठरलं तेव्हा किती दिवस द्यायचं हा प्रश्न आला, आणि मोठ्या ट्रायल आखणाऱ्यांनी एक वर्ष धरलं. २००५ ला त्यांचे निकाल आले, आजार परत येण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, टाळ्या पडल्या (आणि त्या योग्यच होत्या), आणि ते एक वर्ष जगभर पक्कं झालं. म्हणजे वर्ष हा आकडा चुकीचा आहे असं मी म्हणत नाहीये, पण तो अंदाजाने धरलेला आकडा होता एवढं लक्षात ठेवा. जास्त दिलं तर जास्त फायदा होतो का हेही बघून झालंय. हेरा नावाच्या ट्रायलमध्ये एका गटाला चक्क दोन वर्षं दिलं, दहा वर्षांनी मोजलं तर एक वर्षवाल्यांत ६९ टक्के बायका आजाराशिवाय आणि दोन वर्षंवाल्यांतही ६९ टक्केच, अजिबात न घेतलेल्यांत ६३. दोन वर्षंवाल्यांच्या हृदयाला त्रास मात्र जास्त झाला.

वर जाऊन उपयोग नाही म्हटल्यावर खाली येऊन बघायचं. पण कमी औषध द्यायच्या ट्रायलला कंपनी पैसे कशाला देईल? त्यामुळे हे काम सरकारी पैशावर झालं. फ्रान्समध्ये तिथल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या, इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्य संशोधन निधीच्या. आणि फिनलंडचे लोक तर त्याच्याही आधीपासून नऊ आठवडे पुरतात का हे तपासत होते.

नऊ आठवड्यांचा किस्सा सांगायलाच पाहिजे. फिनलंडच्या छोट्या ट्रायलमध्ये हर-टूवाल्या २३२ च बायका होत्या, पण निकाल चांगला आला. न्यूझीलंडच्या सरकारी औषध खरेदी संस्थेने त्याच आधारावर २००७ पासून नऊ आठवड्यांचाच खर्च द्यायचं ठरवलं. बायका रस्त्यावर आल्या, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी २००८ च्या निवडणुकीत तो मुद्दा झाला आणि नवीन सरकारने आल्या आल्या बारा महिन्यांचे पैसे मंजूर केले. इंजेक्शनचे डोस किती यावर निवडणुकीत भांडण झालेलं मला तरी दुसरं आठवत नाही. पुढे २०१८ ला फिनलंडवाल्यांचीच मोठी ट्रायल आली, २१७४ बायकांची, त्यात पाच वर्षांनी आजाराशिवाय असलेल्या नऊ आठवड्यांच्या गटात ८८ टक्के आणि वर्षाच्या गटात ९०.५. फरक छोटा दिसतो पण नऊ आठवडे वर्षाच्या तोडीचे आहेत हे सिद्ध झालं नाही. इटलीतही तसंच झालं, त्यातही काखेत चार किंवा जास्त गाठी असलेल्यांना कमी दिवसांचा कोर्स महागात पडला. तेव्हा नऊ आठवड्यांचं कुणी सांगितलं तर सध्या बाजूला ठेवा.

आता सहा महिने. खरी गंमत इथे आहे.

इंग्लंडची ट्रायल पर्सेफनी. केंब्रिजच्या हेलेना अर्ल यांच्या नेतृत्वाखाली झाली, चार हजारांवर बायका, दीडशेहून जास्त हॉस्पिटलं, निकाल २०१९ ला लॅन्सेटमध्ये. निम्म्या बायकांना ९ डोस, निम्म्यांना १८. चार वर्षांनी आजाराशिवाय जिवंत असलेल्या १८ डोसवाल्यांत ८९.८ टक्के, ९ डोसवाल्यांत ८९.४. म्हणजे शंभर बायकांमागे अर्ध्या बाईचासुद्धा फरक नाही.

फ्रान्सची ट्रायल फार. (हे खरंच तिचं नाव आहे, फ्रेंचमध्ये फार म्हणजे दीपगृह, पण कमी औषध द्यायच्या ट्रायलला आपल्याकडे हे नाव ऐकून हसू येतं.) त्यात ३३८० बायका, तशीच सहा विरुद्ध बारा महिन्यांची तुलना. आणि त्यांचा निष्कर्ष काय? सहा महिने वर्षाच्या तोडीचे आहेत हे सिद्ध होत नाही.

मग इंग्लंडवाले खरे की फ्रान्सवाले? दोन्ही. आकडे नीट बघा. इंग्लंडमध्ये सहा महिन्यांच्या गटात आजार परत येण्याची किंवा मृत्यूची शक्यता वर्षाच्या गटाच्या तुलनेत १.०७ पट होती, फ्रान्सच्या शेवटच्या हिशोबात १.०८ पट. उत्तर तेच आलंय! फरक होता पासिंगच्या मार्कांचा. अशा ट्रायलमध्ये आधीच लिहून ठेवायचं असतं की कमी औषध दिल्याने किती नुकसान झालं तरी आम्ही ते 'चालेल' म्हणू. इंग्लंडने ठरवलं ३ टक्क्यांपर्यंत चालेल. फ्रान्सने ठरवलं साधारण २ टक्क्यांपर्यंतच. पेपर एकच, मार्क जवळपास तेवढेच, पण एका बोर्डाची पासिंगची रेषा ३५ ला आणि दुसऱ्याची ४० ला, तर एक पोरगा पास आणि एक नापास. वर्तमानपत्रात हेडिंग मात्र येतं 'सहा महिने पुरेसे' नाहीतर 'सहा महिने अपुरे' आणि आपण त्यावर घरात भांडतो.

म्हणून 'सहा महिने वर्षाएवढेच चांगले' हे वाक्य जसंच्या तसं घेऊ नका. त्याचा खरा अर्थ असा की सहा महिन्यांनी थोडंसं नुकसान होत असेल तर ते फार मोठं नाही, शंभरात एखाददुसरी बाई असेल किंवा नसेलही. त्या एखाद्या बाईसाठी बाकीच्या नव्व्याण्णव जणींनी अजून सहा महिने इंजेक्शन घ्यायचं का, याचं उत्तर ट्रायल देत नाही. पुढे या सगळ्या ट्रायलचा डेटा एकत्र करूनही बघितलाय, आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या लोकांनीही २०२० मध्ये ते काम केलं, आणि एकत्रित चित्र सहा महिन्यांच्या बाजूने बऱ्यापैकी झुकतं. तरीही बहुतेक मोठ्या गाइडलाइनमध्ये आजही एक वर्ष हेच स्टँडर्ड आहे आणि सहा महिने हे निवडक, कमी धोक्याच्या पेशंटसाठी. तुमचे डॉक्टर १८ म्हणतात ते पुस्तकाप्रमाणेच म्हणतात, बिल वाढवायला म्हणतात असा संशय आधी मनातून काढा.

कमी दिल्याचा फायदा काय तेही सांगतो. पर्सेफनीत गंभीर साइड इफेक्ट वर्षवाल्यांत २४ टक्के, सहा महिनेवाल्यांत १९. हृदयाच्या त्रासामुळे औषध मध्येच बंद करावं लागलं ते ८ टक्के विरुद्ध ३ टक्के. हे काही कमी नाही.

आता तुमच्या आईंकडे येतो.

त्यांचा आजार कमी धोक्याच्या खणात बसतो. दोन सेंमीच्या आतली गाठ, काख स्वच्छ. त्यांना दिलेला पॅक्लिटॅक्सेल आणि ट्रॅस्टुझुमॅबचा कोर्स ज्या अमेरिकन ट्रायलवरून आला त्यात अशाच ४०६ बायका होत्या, सगळ्यांच्या गाठी ३ सेंमीपर्यंतच्या, आणि तीन वर्षांनी त्यातल्या ९८.७ टक्के जणी आजार परत न येता होत्या, दहा वर्षांनीही ९१ टक्क्यांवर. म्हणजे मुळातच धोका थोडा आहे, तर शेवटच्या नऊ डोसनी त्यातून अजून किती कमी होणार, हे साधं तर्काचं बोलणं आहे आणि ते बरोबर आहे.

पण (हा 'पण' बहुतेक ठिकाणी वाचायला मिळत नाही) त्या ४०६ बायकांना ट्रॅस्टुझुमॅब पूर्ण वर्षभर दिलेलं होतं. त्यांची केमो हलकी केली होती, हर-टूचं औषध कमी केलं नव्हतं. आणि पर्सेफनीत बहुतेक बायकांना लाल केमो, म्हणजे अँथ्रासायक्लिन, मिळालेली होती, निम्म्याहून जास्त जणींना तर ट्रॅस्टुझुमॅब केमो संपल्यावर सुरू केलं होतं. ज्यांना लाल केमो न देता फक्त टॅक्सेन (पॅक्लिटॅक्सेलच्या जातीची केमो) दिलं, किंवा ज्यांना ट्रॅस्टुझुमॅब केमोबरोबरच सुरू केलं, त्या छोट्या गटांत वर्षाचा कोर्स जरा सरस दिसला. तुमच्या आई नेमक्या याच दोन्ही गटांत बसतात. आता छोट्या गटांचे आकडे फसवे असतात, लाल केमोशिवायच्या बायका दहात एकच्या आसपास होत्या, तेवढ्यावर मी शपथ घेणार नाही. पण केमो आधीच कमी केलीय, आता हेही कमी करू, अशी दोन्हीकडून कात्री लावायची झाली तर हात जरा आखडता घ्यावा असं माझं मत आहे.

हृदयाचं. ६४ वरून ५५ म्हणजे ९ पॉइंटची घट, आणि ५५ हे अजून नॉर्मलमध्ये आहे. आम्ही साधारणपणे कधी थांबतो, तर १० किंवा जास्त पॉइंटनी घसरून ५० च्या खाली गेलं तर, किंवा दम लागणं, पायाला सूज, रात्री उशा वाढवून झोपावं लागणं असं काही सुरू झालं तर. तेव्हासुद्धा बहुतेक वेळा तीनचार आठवडे थांबून परत ईको करतो आणि सुधारलं तर पुढे चालू करतो. या औषधाने हृदय मंदावतं ते लाल केमोसारखं कायमचं सहसा नसतं, औषध थांबवलं की बहुतेकांचं परत येतं. त्या ४०६ बायकांत लक्षणांसह हार्ट फेल्युअर दोघींनाच झालं होतं आणि औषध थांबवल्यावर दोघींचंही इजेक्शन फ्रॅक्शन सुधारलं. आणि एक अगदी साधी गोष्ट, ईको करणारा माणूस बदलला, मशीन बदललं, की चारपाच पॉइंट इकडेतिकडे होतातच. पहिला ईको सांगलीत आणि दुसरा मिरजेत दुसऱ्याच सेंटरला झाला असेल तर पुढचा त्याच ठिकाणी, शक्यतो त्याच डॉक्टरांकडे करा आणि मग तुलना करा. बीपी बघा. आईंना बीपी असेल आणि गोळी अधूनमधून चुकत असेल तर ते आधी दुरुस्त करा.

पैसे. यावर डॉक्टर मोकळेपणाने बोलत नाहीत आणि नातेवाईक लाजतात, पण निम्मे निर्णय इथेच होतात. आपल्याकडे २०१४ पासून भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच बनवलेली दुसऱ्या कंपन्यांची औषधं) मिळतात आणि मूळ ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त पडतात, आईंना अजून मूळ ब्रँडच चालू असेल तर बदलून चालेल का हे विचारायला काहीच हरकत नाही, माझ्याकडचे बहुतेक पेशंट बायोसिमिलरवरच आहेत. दुसरं, वजनाचा हिशोब. दर तीन आठवड्यांच्या कोर्सात किलोला ६ मिलिग्रॅम लागतं, ६० किलोच्या बाईला ३६०. मोठी कुपी ४४० ची येते. तिच्यासोबत येणाऱ्या खास पाण्यात विरघळवली आणि फ्रिजमध्ये नीट ठेवली तर साधारण २८ दिवस चालते, म्हणजे उरलेले ८० पुढच्या डोसला वापरता येतात, किंवा डे केअरमध्ये त्याच दिवशी दोन पेशंट असतील तर वाटून घेता येतं. छोटी १५० ची कुपी मात्र तशी ठेवता येत नाही. हे ज्या फार्मसीत काटेकोर होतं तिथेच करा, घरच्या फ्रिजमध्ये लोणच्याशेजारी ठेवलेली कुपी घेऊन आलेले लोक मी पाहिलेत, ती मी वापरत नाही. तिसरं, महात्मा फुले योजनेत किंवा आयुष्मानमध्ये तुमचं हॉस्पिटल आणि हे औषध बसतं का ते आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारा, तोंडी 'नाही बसत' ऐकून परत येऊ नका.

एक प्रकार मात्र करू नका, तो मी सगळ्यात जास्त बघतो. थांबायचं तर नाही पण पैसे जमले की डोस घ्यायचा. मग २१ दिवसांचे ३५ होतात, ५० होतात. या औषधात डोस एका आठवड्यापेक्षा जास्त लांबला तर पुन्हा पहिल्यासारखा मोठा, किलोला ८ मिलिग्रॅमचा डोस द्यावा लागतो. म्हणजे वाचवायला गेलात ते तिथेच गेलं. पर्सेफनीतले सहा महिने हे ओळीने, वेळेवर घेतलेले ९ डोस होते. वर्षभरात रडतखडत घेतलेले ९ डोस म्हणजे ते नव्हेत.

मग मी काय करीन? ईको ५० च्या वर राहत असेल आणि बायोसिमिलर-योजना मिळून खर्च झेपत असेल तर मी आईंचं वर्ष पूर्ण करीन. लाल केमो दिलेली नाही, हृदयाचा धोका त्यामुळे कमी, आणि वर सांगितलेला तो 'पण' माझ्या मनात राहतो. पण पुढच्या ईकोत खरंच घसरण झाली, किंवा शेत गहाण टाकायची वेळ येतेय, तर ९ व्या डोसला थांबायला मी स्वतः सही देईन, आणि आईंना समोर बसवून सांगीन की तुमचा उपचार अर्धवट राहिलेला नाही, हजारो बायकांनी एवढाच घेतलाय आणि त्यांचं उत्तम चाललंय. हे सांगणं फार गरजेचं आहे, कारण अशा बायका मी बघितल्यात ज्या पाच वर्षं ठणठणीत असूनही 'आमचे नऊ डोस राहिले हो' म्हणत झुरत असतात आणि पोरगा स्वतःला दोषी धरत असतो.

हे सगळं आईंच्या रिपोर्टपुरतं आहे. काखेतल्या गाठी पॉझिटिव्ह असतील, विशेषतः चार किंवा जास्त, गाठ मोठी असेल, किंवा ऑपरेशनच्या आधी केमो देऊनही आजार शिल्लक सापडला असेल, तर सहा महिन्यांचा विषयच काढू नये. शिल्लक आजारवाल्यांना हल्ली टी-डीएम-वन (ट्रॅस्टुझुमॅबला केमो जोडलेलं औषध) देतात, त्याचे १४ डोस ठरलेले असतात, त्याचं आणि याचं गणित एकमेकांत मिसळू नका. पर्टुझुमॅब (हर-टूवरचंच दुसरं औषध) चालू असलेल्यांनीही पर्सेफनीचे आकडे स्वतःला लावू नयेत, त्या ट्रायलमध्ये ते औषध नव्हतंच.

९ व्या डोसला जाल तेव्हा दोन्ही ईकोचे मूळ रिपोर्ट न्या, नुसता आकडा सांगू नका, ऑपरेशनचा बायोप्सी रिपोर्ट न्या, आणि डॉक्टरांना सरळ विचारा की आमच्या आईच्या बाबतीत पुढच्या नऊ डोसनी शंभरात किती जणींना फायदा होईल असं तुम्हाला वाटतं. अचूक आकडा कुणालाच देता येणार नाही, पण या प्रश्नावर चांगला डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतो.

आणि जाता जाता, आईंचं हार्मोन पॉझिटिव्ह आहे म्हणजे लेट्रोझोल किंवा तत्सम हार्मोन कमी करणारी गोळी केमोनंतर सुरू झालेली असणार, निदान पाच वर्षांसाठी. प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. इंजेक्शनच्या नऊ डोसवर घरात बैठका होतात आणि रोजची ती गोळी सांधे दुखतात म्हणून आठव्या महिन्यात गुपचूप बंद झालेली असते, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता पहिल्यांदा पाकीटच काढून दाखवायला सांगतो. आज घरी गेल्यावर तेवढं बघा, गोळ्यांच्या पट्टीत किती शिल्लक आहेत ते मोजा.